गृहकर्जाचा एजंट टोलवाटोलवी करतोय? फाइल कुठे अडली ते शोधण्यापासून एजंट बदलण्यापर्यंत

"साहेब, फाइल क्रेडिटला (कर्ज तपासणाऱ्या विभागाकडे) आहे, दोन दिवसांत होऊन जाईल." हे वाक्य तिसऱ्या आठवड्यात चौथ्यांदा ऐकल्यावर माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर बिल्डरला किंवा घरमालकाला तारखा देत गप्प बसतो. नाहीतर चिडून तीच कागदपत्रे दुसऱ्या एजंटकडे देतो, तो ती त्याच बँकेत पुन्हा टाकतो आणि बँकेच्या संगणकात एकाच पॅनवर दोन अर्ज दिसून दोन्ही फाइली थांबतात. खरे काम असते ते फाइल नेमकी कोणत्या टेबलावर आहे हे शोधण्याचे, आणि ते एजंटला वगळूनही करता येते.

एजंट म्हणजे बँकेचा किंवा गृहवित्त कंपनीचा डीएसए (डायरेक्ट सेलिंग एजंट, ग्राहक आणून देणारा मध्यस्थ). वाटप झालेल्या कर्जरकमेवर त्याला बँकच कमिशन देते, म्हणून तुमच्याकडून 'फाइल चार्ज' घेण्याचा त्याला हक्क नाही. त्याच्या वागण्याची जबाबदारी रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेवर असते. मंजुरीचा अधिकार मात्र त्याला काडीचाही नसतो. चांगला एजंट पेन्डन्सी (राहिलेले कागद वा प्रश्न) आधीच ओळखून कागद तयार ठेवून घेतो, वाईट एजंट नुसता टपाल्या असतो. तुमच्या वाट्याला कोणता आला हे पहिल्या आठवड्यातच कळते. फक्त तपासायला हवे.

## १. विसार देण्याआधी

बहुतेकांचा क्रम इथेच उलटा होतो. आधी घर आवडते, मग विसार जातो, मग एजंट शोधला जातो, आणि आपल्याला किती कर्ज बसते हे सगळ्यांत शेवटी कळते.

पैशाचा हिशेब स्वतः मांडा. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. मर्यादा रिझर्व्ह बँकेची आहे, एजंटच्या ओळखीने ती हलत नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च या किमतीत धरत नाहीत (१० लाखांपर्यंतचे घर एवढाच अपवाद). म्हणजे ६० लाखांच्या जुन्या फ्लॅटला जास्तीत जास्त ४८ लाख कर्ज. उरलेले १२ लाख, मुद्रांक शुल्क (पुण्यासारख्या शहरात) ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार आणि नोंदणी फी ३० हजार मिळून साडेसोळा लाख स्वतःच्या खात्यात हवेत. प्रोसेसिंग फी, वकील, सोसायटीचे ट्रान्सफरचे पैसे आणि घरदलालाची दलाली यात धरलेली नाही.

"नव्वद टक्के करून देतो" असे ६० लाखांच्या घरासाठी कोणी म्हणाले, तर कसे ते विचारा. उत्तरात बहुधा करारातली किंमत फुगवणे, वरून वैयक्तिक कर्ज जोडणे किंवा विम्याच्या नावाने टॉप-अप (वाढीव कर्ज) देणे यांपैकी एक असते. पहिला प्रकार तर सरळ फसवणूक आहे आणि सही तुमची असते.

क्रेडिट रिपोर्ट स्वतः काढा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. स्वतः काढल्याने स्कोअर घटत नाही. जुने क्रेडिट कार्ड 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीने मिटवलेले) दिसतेय का, फेडलेले दुचाकीचे कर्ज अजून चालू दाखवतेय का, हे आत्ताच पाहा. चूक असल्यास तक्रार टाका. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. पण तुम्हाला हवा असतो तो वेळ. म्हणूनच हे विसार देण्याआधी.

विसार पावतीत कर्जाचे कलम घाला. साध्या भाषेत एवढे पुरे: "खरेदीदाराचे गृहकर्ज आजपासून ४५ दिवसांत मंजूर न झाल्यास, किंवा मिळकतीच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे नाकारले गेल्यास, विक्रेत्याने विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत करावी." जुन्या घराच्या व्यवहारात हे कलम नसले, की एजंटच्या दिरंगाईची किंमत तुमच्या विसारातून जाते. बिल्डरकडून घेत असाल, तर रेराच्या (स्थावर संपदा नियमन कायद्याच्या) कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही. "कर्ज आमचा माणूस करून देईल, तुम्ही वीस टक्के भरा" या आग्रहाला तेवढे उत्तर पुरते.

> तपासा: आधार, पॅन, सॅलरी स्लिप आणि जुना करार यांवर नाव एकसारखे आहे का? आधारावर माहेरचे आडनाव आणि पॅनवर सासरचे, किंवा एका ठिकाणी वडिलांचे नाव मधे आणि दुसरीकडे नाहीच, या कारणाने हमखास क्वेरी (बँकेचा प्रश्न) निघते. विवाह प्रमाणपत्र, राजपत्राची प्रत किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

## २. कागदपत्रांचा संच एकदाच, पण पूर्ण

रोज एक कागद मागणारा एजंट त्रासदायक असतो हे खरे. तितकेच खरे हेही, की अर्धवट संच देणारा ग्राहक त्याला ते निमित्त पुरवतो.

नोकरदारांनी मागील ३ महिन्यांच्या सॅलरी स्लिप, २ वर्षांचे फॉर्म १६, पगाराच्या खात्याचे किमान ६ महिन्यांचे (शक्यतो १२ महिन्यांचे) स्टेटमेंट आणि चालू कर्जांची मंजुरीपत्रे द्यायची. व्यावसायिकांनी ३ वर्षांची प्राप्तिकर विवरणपत्रे कॉम्प्युटेशनसह (उत्पन्न व कराच्या हिशेबासह), ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, जीएसटी रिटर्न आणि चालू खात्याचे १२ महिन्यांचे स्टेटमेंट. जुन्या घरासाठी आधीच्या सगळ्या करारांची साखळी, प्रत्येक कराराची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचे ना-हरकत पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीची चालू पावती.

बँक स्टेटमेंट नेटबँकिंगमधून उतरवलेली मूळ पीडीएफच द्या, पासवर्डसह. ती प्रिंट करून, स्कॅन करून, दोन फाइली जोडून दिली की बँकेचे सॉफ्टवेअर ती वाचत नाही किंवा 'बदल केलेली' असा शिक्का मारते. एजंट व्हॉट्सअॅपवर फोटो मागतो आणि पुढे हेच होते. शेवटची नोंद गेल्या आठवड्यातली हवी. महिनाभर जुने स्टेटमेंट लॉगिनच्या (अर्ज बँकेच्या संगणकात नोंदवण्याच्या) दिवशीच परत येते.

फाइलींना नावेही नीट द्या: '०१ पॅन', '०२ आधार', '०७ पगार खाते एप्रिल ते मार्च'. सगळे एकाच ईमेलने एजंटला आणि बँकेच्या सेल्स मॅनेजरला एकदम पाठवा. मग "तो कागद मिळालाच नव्हता" म्हणायला कोणालाच जागा उरत नाही.

> सावध: मूळ करार, कोरे सही केलेले फॉर्म, कोरे चेक आणि ओटीपी यांतले काहीही एजंटच्या हाती जाऊ द्यायचे नाही. प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहा: 'फक्त अमुक बँकेच्या गृहकर्जासाठी', खाली तारीख आणि सही. पगाराची स्लिप 'थोडी अॅडजस्ट' करून देतो म्हणणाऱ्याशी व्यवहार तिथेच थांबवा. बनावट कागद सापडला तर गुन्हा अर्जदारावर नोंदला जातो.

## ३. पहिल्या भेटीत पाच प्रश्न

तोंडी विचारा, पण उत्तरे त्याच दिवशी मेसेजवर लिहून त्याच्याकडून 'हो' घ्या.

१. तुमचा डीएसए कोड कोणत्या बँकेचा? थेट तुमचा, की दुसऱ्याच्या कोडखाली काम करता? (सब-एजंट असला की निरोप एक पायरी लांबून येतो.)
२. बँकेच्या सेल्स मॅनेजरचे नाव, मोबाइल आणि बँकेचा अधिकृत ईमेल.
३. व्याजदर रेपोशी (रिझर्व्ह बँकेच्या दराशी) जोडलेला, की कंपनीच्या स्वतःच्या दराशी?
४. प्रोसेसिंग फी, लॉगिन फी, लीगल-टेक्निकल (मिळकतीचे कागद व मूल्यांकन तपासण्याची) फी किती आणि कोणाच्या खात्यात?
५. किती बँकांत अर्ज टाकणार?

दुसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली, तर तिथूनच परत फिरा. बाकी चारही उत्तरे चोख असली तरी.

तिसरा प्रश्न लोक सोडून देतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रेपोशी, जोडावी लागतात. गृहवित्त कंपन्यांना हे बंधन नाही. एजंट तुम्हाला बँकेऐवजी कंपनीकडे वळवत असेल, तर कारण तुमचे उत्पन्न किंवा मिळकतीचे कागद असू शकतात, किंवा त्याचे कमिशन. विचारल्याशिवाय कळणार नाही. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जात साडेआठ आणि पावणेनऊ टक्क्यांमधला फरक महिन्याला सुमारे ८०० रुपये आणि एकूण १ लाख ९० हजारांच्या घरात जातो.

पाचव्याचे योग्य उत्तर 'एक, फार तर दोन' एवढेच. चार ठिकाणी एकदम अर्ज टाकले की क्रेडिट रिपोर्टमध्ये चार चौकशा तारखेसह उमटतात आणि पाचव्या ठिकाणचा अधिकारी पहिला प्रश्न विचारतो तो 'बाकीच्यांनी का नाकारले?'

## ४. लॉगिन खरोखर झाले का

सर्वाधिक दिवस इथे वाया जातात आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. एजंट म्हणतो 'लॉगिन झालं', पण फाइल त्याच्या टेबलाच्या खणात असते, कारण महिनाअखेरीला तो दुसऱ्या बँकेचे टार्गेट पूर्ण करत असतो.

खात्री अशी करा. अर्ज क्रमांक मागा. एजंटच्या कंपनीचा लीड क्रमांक आणि बँकेचा अर्ज क्रमांक वेगळे असतात, म्हणून मिळालेला क्रमांक घेऊन बँकेच्या ग्राहक सेवेला स्वतः फोन करा. त्यांना सापडला नाही, तर लॉगिन झालेले नाही. विषय संपला.

दुसरी खूण तुमच्या मोबाइलवर दिसते. लॉगिन झाल्यावर बँकेकडून एसएमएस किंवा ईमेल यायला हवा. आला नसेल, तर अर्जात तुमच्या नंबरऐवजी एजंटचा नंबर किंवा त्याने उघडलेला ईमेल टाकलेला असण्याची दाट शक्यता आहे. 'तुम्हाला त्रास नको म्हणून' असे तो सांगेल. परिणाम असा, की क्वेरी, मंजुरी, अटी सगळे त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला त्याचा सारांश मिळतो. सेल्स मॅनेजरला ईमेल करून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

लॉगिन फी किंवा प्रोसेसिंग फी बँकेच्याच नावाने, चेकने किंवा बँकेच्या लिंकवरून भरा. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही नाही. फीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि पावती बँकेची मिळते.

## ५. फाइल अडली: टेबल शोधा

नोकरदाराची साधी फाइल लॉगिनपासून मंजुरीपर्यंत एक-दीड आठवड्यात जाते. लीगल-टेक्निकलला आणखी तेवढेच. याच्या दुप्पट दिवस उलटले, की एजंटला फोन करणे थांबवा आणि बँकेच्या सेल्स मॅनेजरला हा ईमेल करा. एजंटला सीसीमध्ये ठेवा:

*"अर्ज क्र. ___, लॉगिन दि. ___. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी: (१) फाइल आज कोणत्या विभागाकडे आहे, (२) प्रलंबित कागदपत्रांची व प्रश्नांची संपूर्ण यादी एकाच उत्तरात, (३) मंजुरीची अपेक्षित तारीख. विक्रेत्यासोबतच्या करारानुसार माझी मुदत दि. ___ रोजी संपते."*

'संपूर्ण यादी एकाच उत्तरात' हे शब्द गाळू नका. रोज एक कागद मागण्याची सवय तिथे मोडते. दोन कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही, तर हाच ईमेल शाखा व्यवस्थापकाकडे. संताप, टोमणे, 'मी तुमचा पंधरा वर्षांचा ग्राहक' यातले काही नको. अर्ज क्रमांक आणि तारखा, एवढेच.

उत्तर आले की टेबलाप्रमाणे उपाय वेगळा:

पडताळणी. घरी किंवा ऑफिसात माणूस येऊन गेला, कुलूप होते, वॉचमनने 'असे कोणी राहत नाही' सांगितले. किंवा एचआरने बँकेच्या ईमेलला उत्तर दिले नाही. हे एका फोनचे काम आहे. एचआरला स्वतः सांगा, वॉचमनलाही.

क्रेडिट. इथले प्रश्न खात्यातल्या नोंदींबद्दल असतात: मार्चमध्ये रोख दीड लाख कुठून आले, वडिलांनी पाठवलेले तीन लाख उसने की भेट, सहा महिन्यांपूर्वी एक हप्ता का परत गेला. एजंट त्याला सुचेल ते उत्तर टाकतो आणि ते पुढच्या कागदाशी जुळत नाही. क्वेरी मूळ शब्दांत मागवा. उत्तर स्वतः लिहा, चार ओळींत, सोबत पुरावा जोडा. हप्त्यांचा एकूण भार हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या वर गेला असेल, तर गाडीचे किंवा मोबाइलचे छोटे कर्ज फेडून ना-देय पत्र देणे हा सगळ्यांत जलद उपाय. किंवा कमावत्या जोडीदाराला सहअर्जदार करा.

लीगल. बँकेचा वकील साधारण ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट काढतो आणि करारांची साखळी जोडून पाहतो. मधलाच एखादा जुना करार हरवलेला असणे, शेअर सर्टिफिकेटच्या मागे सध्याच्या मालकाच्या नावाची नोंद नसणे, मृत सहमालकाच्या वारसांच्या सह्या नसणे, भोगवटा प्रमाणपत्रच नसणे ही नेहमीची कारणे. मूळ करार हरवला असेल, तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत असा क्रम असतो, आणि हे काम विक्रेत्याचे. यात दोन-तीन आठवडे सहज जातात. एजंट हे सांगायचे टाळतो, कारण ऐकल्यावर तुम्ही व्यवहार सोडाल ही त्याला भीती. म्हणून वकिलाचा शेरा लेखी मागा आणि थेट विक्रेत्यापुढे ठेवा. बँक बदलून हा दोष जात नाही. दुसऱ्या बँकेचा वकील तीच साखळी पाहणार असतो.

टेक्निकल. मूल्यांकन करणारा आला तेव्हा किल्ली नव्हती, ही सर्वांत साधी अडचण. किल्ली कोणाकडे आहे त्याचा नंबर आधीच कळवा. अवघड प्रकार म्हणजे गॅलरी आत घेतलेली, दोन फ्लॅट मधली भिंत पाडून एक केलेले, करारातले क्षेत्रफळ प्रत्यक्षाशी न जुळणारे. मूल्यांकन किमतीपेक्षा कमी आले, तर कर्ज त्या कमी आकड्यावर मोजले जाते: ६० लाखांचा फ्लॅट ५५ लाखांचा ठरला की ८० टक्के म्हणजे ४४ लाख. चार लाख अचानक कमी. याच्याविरुद्ध दुसऱ्या मूल्यांककाकडून फेरतपासणी मागता येते. त्यासाठी त्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे एक-दोन इंडेक्स टू जोडा, नुसते 'भाव चढलेत' म्हणून उपयोग नाही.

> तपासा: कोणत्या टेबलावर, कोणता प्रश्न, कोणत्या तारखेपासून, या तिन्हींची उत्तरे लेखी आली का? यांतले एक जरी नसेल तर पुढची पायरी चढू नका.

## ६. एजंट बदलायचा का? कधी?

लॉगिन झालेले नसेल, तर लगेच बदला. एका मेसेजात कळवा, की तुमची कागदपत्रे कुठेही वापरू नयेत व काढून टाकावीत. महिन्याभराने क्रेडिट रिपोर्ट पाहा. परवानगीशिवाय कुठे चौकशी टाकली असेल तर तिथे दिसेल.

लॉगिन झाले, मंजुरी नाही, आणि अडचण क्रेडिट किंवा लीगलची आहे: एजंट बदलू नका. नवा एजंट तीच अडचण घेऊन पुन्हा शून्यापासून रांगेत लागेल. सेल्स मॅनेजरशी थेट बोला आणि फाइल स्वतः पुढे न्या. अडचण खरोखर एजंटचीच असेल, म्हणजे कागद पोहोचवत नाही, पैसे मागतो, खोटे बोलतो, तर त्याच बँकेत पुन्हा अर्ज टाकण्याआधी जुना अर्ज रद्द करण्याचा ईमेल करा आणि रद्द झाल्याचे लेखी उत्तर येईपर्यंत थांबा. सुरुवातीला सांगितलेला दोन अर्जांचा घोळ इथेच होतो.

मंजुरीपत्र आले असेल, तर एजंट बदलण्याचा प्रश्नच उरत नाही. त्याची गरजच संपली. शाखेत जा. मंजुरीपत्राची मुदत बहुधा तीन ते सहा महिने असते, नेमकी तारीख पत्रावर पाहा.

परदेशातून पुण्या-मुंबईत घर घेणाऱ्यांसाठी वेगळी गाठ आहे. इथल्या भावाला किंवा आईला दिलेले मुखत्यारपत्र बँकेच्या मसुद्यात नसेल तर नाकारले जाते. एजंटने 'कोणतेही चालेल' म्हटले तरी मसुदा बँकेकडून ईमेलने मागवा, मगच वकिलातीत किंवा नोटरीकडे जा. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. आणि मुखत्यारपत्र एजंटच्या नावाने? कदापि नाही.

## ७. मंजुरीपत्र आणि केएफएस

१ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी केएफएस, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचे प्रमाणित पत्रक, देणे बंधनकारक आहे. ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागता येते आणि वाचून ठरवायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. 'आजच सही करा, उद्या रेट वाढतोय' हा दबाव तिथे चालत नाही. त्यात नसलेला कोणताही आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय पुढे लावता येत नाही.

पहिल्या पानावरचा व्याजदर सगळे पाहतात. तुम्ही वार्षिक टक्केवारी दर पाहा, त्यात फी आणि इतर खर्च मिसळलेले असतात. दोन बँकांची तुलना याच आकड्यावर करा. मग विम्याची ओळ शोधा. एजंटने न विचारता कर्जविमा घातलेला असतो आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असतो. २ लाखांचा हप्ता २० वर्षांच्या कर्जात साडेआठ टक्क्यांनी मिसळला की महिन्याला सुमारे १,७३५ रुपये, शेवटपर्यंत ४ लाख १६ हजारांवर. कर्ज फेडेपर्यंत विमा असावा हे योग्यच, पण तो बँकेकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. हवा असेल तर बाहेरून साधा मुदत विमा घेऊन तुलना करा. नको असेल तर ईमेल करा: "विम्याचा हप्ता वगळून सुधारित मंजुरीपत्र द्यावे." 'विम्याशिवाय फाइल पास होत नाही' असे एजंट म्हणाला, तर तेच वाक्य बँकेच्या ईमेलवरून द्यायला सांगा. सहसा ते येत नाही. सही होऊन गेली असेल तरी पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक (पॉलिसी परत करण्याचा) काळ असतो.

मुदतपूर्व फेडीबद्दल थोडक्यात: वैयक्तिक, बदलत्या दराच्या गृहकर्जावर दंड लावता येत नाही. केएफएसमध्ये वेगळे लिहिले असेल, तर कर्ज खरेच बदलत्या दराचे आहे का ते तपासा.

## ८. चेकचा दिवस

जुन्या घरावर विक्रेत्याचे कर्ज चालू असेल, तर हा टप्पा सर्वांत नाजूक. विक्रेत्याच्या बँकेकडून दोन कागद लागतात: त्यांच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी आणि फोरक्लोजर पत्र (कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल ते सांगणारे). या पत्रातली रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंतची असते, पुढे रोजचे व्याज चढते. एजंट पत्र १ तारखेला आणतो, चेक १४ तारखेला निघतो, आणि तो तीन-चार हजारांनी कमी पडतो. समोरची बँक खाते बंद करत नाही, मूळ कागद सुटत नाहीत आणि तुमचे व्याज सुरू झालेले असते. उपाय सोपा: चेकची तारीख पक्की झाल्यावरच पत्र काढा, पत्रावर रोजच्या व्याजाचा आकडा लिहून घ्या आणि फरक विक्रेत्याने त्याच दिवशी खात्यात भरायचा हे आधी ठरवा.

चेक कोण नेणार हेही विचारा. तयार चेक एजंटच्या बॅगेत आठवडाभर फिरतो आणि बँक व्याज चेकच्या तारखेपासून लावते. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ मध्ये नेमक्या याच प्रथेवर बोट ठेवून जादा व्याज परत करायला आणि शक्य तिथे रक्कम ऑनलाइन द्यायला सांगितले आहे. म्हणून आरटीजीएस मागा. चेकच असेल तर हाती मिळाल्याची तारीख घालून पोच द्या.

बांधकाम चालू असलेल्या घरात पहिला हप्ता सुटला की एजंटचा उत्साह ओसरतो. पुढचे डिमांड लेटर (बिल्डरचे हप्त्याचे मागणीपत्र) त्याच्याकडे देऊच नका. वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रासह ते स्वतः शाखेत नेऊन पोच घ्या, मिळाले त्याच दिवशी. उशिरा भरलेल्या रकमेवर महाराष्ट्राच्या रेरा नियमांप्रमाणे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा स्वतःचा आधारदर) अधिक २ टक्के व्याज बिल्डर मागू शकतो, आणि 'एजंटने उशीर केला' हे कारण करारात कुठेही नसते.

> तपासा: नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सूचना) भरली गेली का? मूळ कागद बँकेत ठेवून कर्ज घेतल्यास महाराष्ट्रात ही सूचना ३० दिवसांत दाखल करावी लागते. 'मी करून घेतो' म्हणून एजंटने पैसे घेतले असतील, तर दाखल झाल्याची पावती मागा. बँकेकडे जमा केलेल्या मूळ कागदांची सही-शिक्क्याची यादीही त्याच दिवशी घ्या.

## ९. तक्रार: क्रम चुकवू नका

आधी शाखा, मग संस्थेचा तक्रार निवारण किंवा नोडल अधिकारी (नाव संकेतस्थळावर असते). तक्रारीत एजंटचे नाव, डीएसए कोड, अर्ज क्रमांक, तारखांचा तक्ता, मागितलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट आणि तुम्हाला नेमके काय हवे ते लिहा: फी परत, जादा व्याज परत की विमा रद्द. 'योग्य ती कारवाई व्हावी' असे लिहिले की उत्तरही तितकेच मोघम येते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनी असेल तर हा दरवाजा चुकीचा. तिच्यासाठी राष्ट्रीय आवास बँकेचे 'ग्रिड्स' पोर्टल. लोक इथेच महिना घालवतात, तक्रार लोकपालाकडे टाकतात आणि ती 'कक्षेबाहेर' म्हणून परत येते. मंजुरीपत्राच्या डोक्यावर बँकेचे नाव आहे की 'हाउसिंग फायनान्स' कंपनीचे, ते पाहून घ्या. एकाच नावाच्या गटात दोन्ही असतात.

कर्ज नाकारणे हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, तो लोकपाल फिरवत नाही. पण नाकारण्याचे कारण लेखी मिळणे हा तुमचा हक्क आहे आणि दुसरीकडे अर्ज करण्याआधी तो कागद हाती असायलाच हवा. एजंटने बनावट मंजुरीपत्र देऊन पैसे उकळले असतील, तर यातल्या कोणत्याही पायरीची वाट न पाहता १९३० वर फोन करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जा.